घरचा संगणक, दोन मॉनिटर आणि दिवाणखान्यांतील टीव्ही

दिवाणखान्यांत कोणती वस्तु कोणाकडे तोंड करून ठेवावी, हा प्रश्न आपल्याकडील एकत्र कुटुंबांत कधींच क्षुल्लक नव्हता. आरामखुर्ची खिडकीशीं कीं दाराशीं, रेडिओ कोनाड्यांत कीं फळीवर, यावरून घरोघरीं रुसवेफुगवे झालेले आहेत. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरदर्शन केंद्र सुरू झालें व पुढें सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्याच्या घरांतहि चित्र दिसूं लागलें, तेव्हां घरांतील साऱ्या खुर्च्या एका भिंतीकडे वळल्या. १९८७ सालीं रामायण मालिका लागली त्या वेळीं तर रविवारच्या सकाळीं शेजारपाजारचीं माणसेंहि त्याच भिंतीकडे तोंड करून बसत. संगणक मात्र उलट स्वभावाचा निघाला. तो कोपऱ्यांत बसला आणि त्याच्यापुढें बसणाऱ्यानें घराकडे पाठ केली. टीव्ही चौघांचा आणि संगणक एकट्याचा, अशी वाटणी न ठरवतां ठरून गेली.

आतां एक साधी केबल ह्या दोघांना जोडूं शकते. जोडणी दहा मिनिटांची असते. परंतु एकट्याची वस्तु चौघांच्या वस्तूस जोडली म्हणजे काय होतें, याचा विचार ह्या दहा मिनिटांत कोणी करीत नाहीं. आम्हींहि केला नव्हता. त्यामुळें आमच्याकडून घडलेली एक चूक पुढें सांगावयाची आहे. परंतु आधीं जोडणीचें सांगतों, कारण ती समजल्यावांचून चूक समजणार नाहीं.

आमचें घर पुण्यांतलें. जुन्या वाड्याच्या जागीं इमारत उठली, तींत लगतच्या दोन सदनिका आम्हां दोघां भावांच्या वाट्यास आल्या, आणि मधलें दार उघडून आम्हीं त्यांचें एकच घर केलें. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून पुतण्या कचेरीचें काम घरूनच करूं लागला. थोरले बंधु सेवानिवृत्त झाल्यापासून आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ति तयार करण्यांत गढले आहेत. संगणक एकच, तो आंतल्या खोलींत, टीव्ही दिवाणखान्यांत, आणि त्याच्यासमोर आईची खुर्ची.

दुसऱ्या मॉनिटरची मागणी पुतण्यानें केली असली तरी त्याचा खरा उपयोग बंधूंना झाला. कुलवृत्तांताचें काम ज्यांनीं केलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, त्यांत एका हातीं जुना कागद आणि दुसऱ्या हातीं वंशावळ असावी लागते. जुन्या आवृत्तीचें छायाचित्रित पान अथवा मोडींतील दस्तऐवज पडद्यावर उघडावा, त्यांतील नांव मनांत धरावें, मग तें पान झांकून वंशावळीचें पान उघडावें आणि नांव टंकित करावें, असा खटाटोप एका पडद्यावर चालला असतांना त्यांच्या हातून एकदां अख्खी पिढी गळाली आणि नातू आजोबांच्या मांडीवर मुलगा म्हणून जाऊन बसला. आपल्या घराण्यांत दर तिसऱ्या पिढीस तेंच नांव येतें, मग डोळा चुकणार नाहीं तर काय! दोन पडदे शेजारीं आल्यावर डावीकडे कागद आणि उजवीकडे वंशावळ अशी नजर फिरूं लागली, आणि तो घोटाळा थांबला.

ज्यांचें काम असें दुहेरी आहे, म्हणजे एकीकडे वाचून दुसरीकडे लिहावयाचें आहे, त्यांनीं दुसरा मॉनिटर अवश्य घ्यावा. हिशेबनीस, भाषांतरकार, मुद्रितें तपासणारे, दूरस्थ वर्गांत शिकवणारे शिक्षक हे सर्व ह्यांतच आले. परंतु शाळकरी मुलाच्या गृहपाठासाठीं दोन पडदे मागितले जात असतील तर वडील मंडळींनीं थोडें थांबावें. दुसऱ्या पडद्यावर क्रिकेट लागतें, हा आमचा अनुभव आहे.

मॉनिटर मांडण्याची रीत साधी आहे, तरी ती चुकल्यास मान दुखते. पडदा हाताच्या लांबीइतका दूर असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं यावी. खिडकी पडद्याच्या मागें अथवा बसणाऱ्याच्या पाठीशीं नसून बाजूस असावी. दोन्ही पडदे सारखेच वापरावयाचे असतील तर त्यांची जोडरेषा नाकासमोर यावी. एक मुख्य आणि दुसरा संदर्भापुरता असेल तर मुख्य पडदा सरळ समोर व दुसरा त्यास लागून थोडा आंत वळवलेला असावा. आमच्या बंधूंनीं महिनाभर मानेस लेप लावला, त्याचें कारण निराळेंच होतें. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचें वाचण्याचें भिंग खालच्या अर्ध्या भागांत असल्यामुळें पडदा नेमक्या पातळीवर असूनहि त्यांना हनुवटी वर करून पाहावें लागे. दोन्ही मॉनिटर चार बोटें खालीं घेतले आणि लेप बंद झाला. असा चष्मा वापरणाऱ्यांनीं तरुणांसाठीं लिहिलेल्या नियमावर विसंबूं नये.

आणखी एक गोष्ट बंधूंच्या उपयोगीं पडली. पोथी सोडली तर आपलें बहुतेक छापील पान उभें असतें आणि मॉनिटर आडवा. ज्या मॉनिटरचा पाय फिरता असतो तो उभा करतां येतो. मग संगणकाच्या ‘डिस्प्ले’ विभागांत जाऊन त्या पडद्यापुरती दिशा ‘पोर्ट्रेट’ करावी. पाय फिरता नसेल तर पाठीमागें चार भोकें आहेत कीं नाहींत तें पाहावें. तीं १०० मिलिमीटरच्या अथवा लहान मॉनिटरवर ७५ मिलिमीटरच्या चौकोनांत असतात, आणि त्यांवर मेजास आवळण्याचा फिरता दांडा बसतो. डावा पडदा उभा झाल्यापासून बंधूंना जुन्या ग्रंथाचें अख्खें पान एका दृष्टिक्षेपांत दिसतें.

पडदे मांडून झाल्यावर संगणकास ते कोठें ठेवले आहेत हें सांगावें लागतें. ‘डिस्प्ले’ विभागांत १ व २ अशा दोन चौकटी दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबलें कीं प्रत्येक पडद्यावर त्याचा आंकडा उमटतो. मेजावर जसे पडदे आहेत तशाच ह्या चौकटी ओढून लावाव्या. हें न केल्यास माउसचा बाण डावीकडे नेला असतां भिंतीस थडकल्याप्रमाणें थांबतो, आणि उजवीकडे नेला कीं डाव्या पडद्यावर उगवतो.

आतां केबलींविषयीं. संगणकाच्या पेटीस, जिला सारे जण सीपीयू म्हणतात, मागील बाजूस पडद्यासाठीं अनेक प्रकारचीं पोर्ट असतात. निळें, पंधरा टांचण्यांचें व्हीजीए हें १९८७ सालचें. एचडीएमआय २००२ चें. डिस्प्लेपोर्ट २००६ चें. पेटींत निराळें ग्राफिक्स कार्ड बसवलेलें असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टांतच घालावी. वर, कळफलक आणि माउस जोडतात त्या भागांतहि तसेंच एक पोर्ट असतें, आणि नवखा माणूस हमखास तेथें केबल घालून ‘मॉनिटर बिघडला’ म्हणून दुकानदाराकडे जातो. दुसरी चूक त्याहून खर्चिक. पेटीस एचडीएमआयचें एकच पोर्ट आहे असें पाहून लोक एकाचे दोन करणारा ‘स्प्लिटर’ विकत आणतात. स्प्लिटर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवतो. त्यानें दोन निराळीं चित्रें मिळत नाहींत. त्यासाठीं पेटीचीं दोन निराळीं पोर्टच लागतात. एक मॉनिटर एचडीएमआयवर व दुसरा डिस्प्लेपोर्टवर चालण्यास कांहींच हरकत नाहीं. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे नेणारा जोड स्वस्तांत मिळतो. परंतु तो एकाच दिशेनें चालतो हें दुकानांतच विचारून घ्यावें. लॅपटॉपवाल्यांनींहि लक्षांत ठेवावें कीं, यूएसबी-सी आकाराच्या प्रत्येक पोर्टांतून चित्र येतेंच असें नाहीं.

टीव्ही हा ह्या मांडणींतला तिसरा पडदा. त्याच्याविषयीं घरोघरीं दोन गैरसमज आढळतात. पहिला असा कीं, सेट-टॉप बॉक्समधील एचडीएमआय केबल संगणकांत घातली म्हणजे वाहिन्या संगणकावर दिसतील. बॉक्सचें पोर्ट चित्र बाहेर देणारें आणि संगणकाचेंहि बाहेर देणारेंच. दोन्ही तोंडें बोलणारीं, ऐकणारें कोणीच नाहीं. एके काळीं संगणकांत ‘टीव्ही ट्यूनर’ कार्ड बसवून केबलवरील वाहिन्या पाहतां येत. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानें केबलप्रक्षेपण अंकीय व कुलूपबंद झालें, तेव्हांपासून त्या कार्डांचा तो उपयोग सरला. वाहिन्या मेजावरच पाहावयाच्या असतील तर बॉक्सची केबल संगणकास नव्हे, मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टास जोडावी आणि मॉनिटरच्या कळीनें अदलाबदल करावी. मॉनिटरला आवाज नसेल तर त्याच्या मागें कर्णफुलाचें भोंक असतें, त्यांत ध्वनिवर्धक लावावा.

दुसरा गैरसमज असा कीं, मोठा टीव्ही हा मोठा मॉनिटरच होय. हें अर्धें खरें आहे. २४ इंची साध्या मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० बिंदु असतात, म्हणजे इंचाला सुमारें ९२. तेवढेच बिंदु ४३ इंची टीव्हीवर पसरले कीं इंचाला ५१ च उरतात, आणि जवळून अक्षर भरड दिसतें. तोच टीव्ही फोर-के असेल तर इंचाला सुमारें १०२ भरतात आणि अक्षर चांगलें दिसतें. मात्र अशा टीव्हीस एचडीएमआयचा जुना १.४ प्रकार जोडला तर चित्र सेकंदास ३० वेळांच बदलतें व माउसचा बाण अडखळत चालतो. २०१३ सालच्या २.० प्रकारापासून ६० वेळां बदलूं लागलें. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालची पट्टी अर्धीच दिसत असेल, तर दोष संगणकाचा नसतो. टीव्हीच्या मांडणींत त्या पोर्टास ‘पीसी’ असें नांव द्यावें, अथवा चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम करावा. अक्षरहि त्यानें नितळ होतें.

आंतल्या खोलीपासून दिवाणखान्यापर्यंत आमचें अंतर बारा मीटर भरलें. इतक्या लांबीवर साधी केबल फोर-के चित्र नीट पोंचवीत नाहीं, म्हणून प्रकाशतंतूची केबल आणली. ही केबल एकमार्गी असते. एका टोंकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असें लिहिलेलें असतें, आणि तें लिहिलेलें आहे हें आम्हीं भिंतींतल्या नळींतून सगळी केबल ओढून झाल्यावर वाचलें. वायरमननें दुसऱ्यांदां ती ओढली तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं, इतकेंच. नवें घर बांधणाऱ्यांनीं ही नळी विजेच्या तारांपासून निराळी आणि केबलचें रुंद डोकें सहज जाईल इतकी मोठी ठेवावी, व आंत एक दोरी सोडून ठेवावी.

आतां ती चूक.

विंडोजची कळ आणि पी हें अक्षर एकत्र दाबलें कीं चार पर्याय पुढें येतात. त्यांतील ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्ही पडद्यांवर एकच चित्र आणि ‘एक्स्टेंड’ म्हणजे प्रत्येक पडद्यावर निराळें. तीन पडदे असले तर आणखी एक गोष्ट करतां येते: दोन पडदे एकरूप आणि तिसरा स्वतंत्र. २०२२ च्या दिवाळींत भाऊबीजेस सारी मंडळी जमली असतां कुलवृत्तांतासाठीं गोळा केलेलीं जुनीं छायाचित्रें सर्वांस दाखवावीं म्हणून पुतण्यानें उजवा मॉनिटर आणि टीव्ही एकरूप करून दिले. दाखवणाऱ्यास आंत बसून तेंच दिसे, तें सोयीचें होतें. मंडळी गेली. मांडणी तशीच राहिली.

त्याच दिवाळीच्या आधीं आईच्या मानेवरील गांठीचा तुकडा तपासणीस दिला होता. ती तेव्हां एक्क्याऐंशी वर्षांची. तपासणी साधी आहे, असें आम्हीं तिला सांगितलें होतें. आणि अहवाल कांहींहि आला तरी तुळशीचें लग्न होईपर्यंत तिच्या कानीं घालावयाचा नाहीं, असें आम्हां भावांनीं व वहिनींनीं ठरवलें होतें. आमच्या पिढीपर्यंत घरोघरीं असेंच ठरवीत आले आहेत, त्यांत आम्हांस वावगें वाटलें नाहीं.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आई आणि वहिनी एका संगीत नाटकाचें ध्वनिचित्रमुद्रण टीव्हीवर पाहत होत्या. तें आंतल्या संगणकावरूनच, उजव्या पडद्यावर लावून दिलेलें होतें. आम्ही डाव्या पडद्यापुढें बसून टपाल पाहत होतों. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला दिसला. तो उघडला. डाव्या पडद्यावर उघडेल असें आम्ही धरून चाललों होतों. परंतु बहुतेक प्रोग्रॅम मागच्या वेळीं जेथें बंद केले तेथेंच पुनः उघडतात, आणि अशीं कागदपत्रें वाचण्याचा प्रोग्रॅम बंधूंनीं सकाळीं उजव्या पडद्यावर बंद केला होता. अहवाल उजवीकडे, नाटकाच्या वर, पडदाभर उघडला. बाहेर नाटकाचें गाणें चालूच होतें. आवाज अडला नाहीं म्हणून आम्हांस कसलीच शंका आली नाहीं.

अहवाल इंग्रजींत. आम्हीं तो वरून खालपर्यंत वाचला. मग जी ओळ वाचावयाची नव्हती ती पुनः वाचावीशी वाटली, म्हणून ती मोठी केली. अक्षर लहान होतें असें नव्हे. माणूस अशा वेळीं तसें करतो. बाहेर पंचावन्न इंची पडद्यावर तीच ओळ वीतभर उंचीची झाली. आई तीस वर्षें शाळेंत इंग्रजी शिकवीत होती.

वहिनींनीं उठून रिमोट शोधला, तो त्यांना सांपडला नाहीं, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. आम्हांस कळलें तें आई दाराशीं येऊन उभी राहिली तेव्हां.

“झालं का वाचून?” ती म्हणाली.

आम्ही कांहींतरी बोलूं लागलों. केबल, दोन पडदे, पुतण्यानें केलेली मांडणी. तिनें तें ऐकून घेतलें.

“वर नांव माझं आहे ना?” ती म्हणाली. “मग मला शेवटी का?” आणि थोडें थांबून, “नाटक परत लाव. दुसरा अंक राहिलाय.”

त्या रात्रीं आम्हीं पुतण्यावर रागावून घेतलें, तें अन्यायाचें होतें. केबलीनें आपलें काम चोख केलें होतें. आईच्या खोलींत उशिरापर्यंत दिवा होता. बंधु आंत जाऊन बसले, आमचें धैर्य झालें नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें तिची शस्त्रक्रिया झाली. तुळशीचें लग्न त्याआधीं यथासांग झालें आणि अंतरपाट तिनेंच धरला.

त्यानंतर आम्हीं सारी मांडणी पुनः केली. ज्यांच्या घरीं संगणक टीव्हीस जोडलेला आहे त्यांनींहि ती करून घ्यावी असा आमचा आग्रह आहे, कारण घरांत लपवावयाचें कांहीं नसलें तरी पगाराचा आंकडा, मुलीच्या स्थळाविषयीं आलेलें पत्र, बँकेचें खातें ह्या गोष्टी सगळ्यांसमोर एकदम उघडाव्या असें कोणासच वाटत नाहीं.

टीव्ही नेहमीं ‘एक्स्टेंड’ ठेवावा. ‘डुप्लिकेट’ करावाच लागला तर काम संपतांच बदलावा. मुख्य पडदा मेजावरचा असावा, कारण टपाल आल्याच्या सूचना मुख्य पडद्याच्या कोपऱ्यांत उमटतात. विंडोजमध्यें ‘डू नॉट डिस्टर्ब’ नांवाची सोय असून पडदे एकरूप केले असतां ती आपोआप चालू व्हावी असें सांगून ठेवतां येतें. टीव्ही नको असेल तेव्हां विंडोज आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडूं नये. त्यानें दुसरा मॉनिटरहि मावळतो. ‘डिस्प्ले’ विभागांत टीव्हीची चौकट निवडून ‘डिस्कनेक्ट’ करावें. उलटपक्षीं टीव्ही बंद असूनहि पुष्कळदां संगणक त्यास जोडलेलाच समजतो, आणि एखादी उघडलेली खिडकी त्या काळ्या पडद्यावर जाऊन बसते. विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली कीं ती मेजावर परत येते.

आवाजाचें प्रकरण निराळें. एचडीएमआय केबलींतून आवाजहि जातो, आणि टीव्ही जोडतांच संगणक बहुधा सारा आवाज तिकडे वळवतो. पुतण्याच्या कचेरींतील वरिष्ठांचें बोलणें एकदां वरणाला फोडणी देतांना वहिनींनीं ऐकलें, तें यामुळेंच. विंडोज १० च्या २०१८ मधील सुधारणेपासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज निराळ्या ठिकाणीं पाठवतां येतो: सभा कर्णफुलांत, कीर्तन टीव्हीवर. मात्र सभा आणि कीर्तन दोन्ही एकाच ब्राउझरमध्यें असतील तर तीं एकच समजलीं जातात. त्यासाठीं दोन निराळे ब्राउझर वापरावे.

इतकें करूनहि एक अडचण राहते आणि ती सुटण्यासारखी नाहीं. पडदे तीन झाले तरी माउस एक आणि कळफलक एक. बाहेर आईला गाणें मागें न्यावयाचें असेल तर आंत बसलेल्या माणसानें हातचें काम सोडावें लागतें. साध्या विंडोजमध्यें दोन माणसांचीं दोन खातीं एकाच वेळीं दोन पडद्यांवर चालत नाहींत. म्हणून रोजच्या पाहण्यासाठीं टीव्हीस स्वतंत्र लहानसें उपकरण अथवा त्याचें स्वतःचें अंतर्गत ॲप असावें आणि त्याचा रिमोट पाहणाऱ्याच्या हातीं असावा, ह्या मतास आम्ही शेवटीं आलों. संगणकाची केबल छायाचित्रांपुरती आणि परदेशांतील नातवंडांशीं बोलण्यापुरती राखावी.

विजेविषयीं थोडक्यांत. २४ इंची मॉनिटरला साधारणपणें २५ वॅट लागतात. दोन मॉनिटर आठ तास चालले तर चार दशांश युनिट. खर्चाचें भय धरण्यासारखें नाहीं. भय धरावें तें अर्थिंगचें. तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय टाळून संगणक लावला आणि त्यास टीव्ही जोडला कीं पेटीस हात लावतांच झिणझिण्या येतात. त्या येत असतील तर केबल काढून आधीं वायरमनला बोलवावें. यूपीएसवर संगणक व मॉनिटर ठेवावे. तो काम सांठवून बंद करण्याइतकीं मिनिटें देतो, नाटक पुरें करण्याइतकीं नव्हे.

आई आतां बरी आहे. दर सहा महिन्यांनीं तपासणी होते आणि अहवाल टपालानें संगणकावरच येतो. तो आधीं कोणी उघडावयाचा नाहीं असें तिनें सांगून ठेवलें आहे. ती खुर्चींत बसते, चष्मा पुसते, आणि मग आम्ही आंतून अहवाल टीव्हीवर धाडतों. कागदावरचें अक्षर तिला लागत नाहीं, आणि टीव्हीवर तें पाहिजे तेवढें मोठें करतां येतें. एक ओळ वाचून झाली कीं ती बोट वर करते आणि वहिनी दारांतून आम्हांस खूण करतात, मग आम्ही पान पुढें सरकवतों. मागच्या खेपेस तिनें प्रयोगशाळेच्या इंग्रजींतल्या दोन चुका काढल्या.